प्रकल्प नोंदी: मामा तलावाचा काठ, मिथेन आणि गाळातील कार्बन (फेब्रुवारी ते ऑगस्ट 2024)

2 फेब्रुवारी 2024, शुक्रवार

इराणमधील रामसर येथे 1971 साली पाणथळ जागांचा करार झाला तो आजच्याच तारखेला. त्यानिमित्त शहरात ठिकठिकाणी कार्यक्रम होते, पण आम्ही सकाळी सहालाच नागपूर सोडले आणि ऊन चढायच्या आत रामटेक तालुक्यातील तलावावर पोहोचलो. हा माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलण्यातला मामा तलाव. 1950-51 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तरी पूर्व विदर्भातील कितीतरी धानाच्या बांध्या आजही अशाच तलावांच्या पाण्यावर पिकतात. पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले की तलावाचे तीन भाग सरळ दिसतात. पाळीलगत खोल उघडे पाणी आहे, मध्ये कमळ आणि शिंगाड्याचा पट्टा आहे आणि पलीकडे, जिकडून पावसाचे पाणी उतरते तिकडच्या उथळ काठावर, पाणकणसाची दाट बेटे आहेत.

प्रकल्पाचा प्रश्न एकदा लिहून ठेवतो, कारण पुढे धावपळीत तो हरवतो. औद्योगिक काळापूर्वी हवेत मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा वायू सुमारे 700 पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत इतके भाग) होता, तो आता 1900 च्या वर गेला आहे. 2007 पासून त्याची वाढ पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून हवेतील मिथेनमध्ये कार्बन-13 या जड समस्थानिकाचे, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचे, प्रमाण घटत चालले आहे. सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनमध्ये तो कमी असतो. नव्याने मिसळणाऱ्या मिथेनचा मोठा भाग सूक्ष्मजीवांकडून, म्हणजे गुरे, धानशेती, कचऱ्याचे ढीग आणि पाणथळ जागा यांतून, येत असल्याची ही खूण आहे. जगातील एकूण मिथेन उत्सर्जनात पाणथळ जागांचा वाटा सुमारे 30 टक्के धरला जातो. तापमान वाढल्यावर हा वाटा किती वाढेल, याची चर्चा बहुधा उत्तरेकडील पीटच्या दलदली आणि विषुववृत्तावरील पूरमैदाने यांच्याभोवतीच फिरते. दर उन्हाळ्यात आटणारा, काळ्या मातीच्या तळाचा, माणसाने बांधलेला तलाव त्या चर्चेत कुठे बसतो, हे आम्हाला पाहायचे आहे.

नऊ जागा ठरवल्या, प्रत्येक भागात तीन. काठावरील जागांवर लोखंडी चौकटी गाळात रोवल्या. चौकटीच्या कडेला खोबण आहे. तिच्यात पाणी भरून वर ॲक्रिलिकची पेटी ठेवली की हवा आत कोंडली जाते. मग 0, 10, 20 आणि 30 व्या मिनिटाला सिरिंजने हवा ओढून रबरी बुचाच्या निर्वात कुप्यांत भरायची आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावायची.

16 फेब्रुवारी 2024, शुक्रवार

पहिल्या फेरीच्या कुप्या तपासून झाल्या. शून्य मिनिटाच्या कुपीत बाहेरच्या हवेइतका, म्हणजे दोन पीपीएमच्या (दशलक्ष भागांत दोन भागांच्या) आसपास मिथेन निघायला हवा. उघड्या पाण्यावरील तिन्ही जागांवर तो तसा निघाला. काठावरील तीनपैकी दोन जागांवर मात्र पहिलीच कुपी फुगलेली होती आणि पुढच्या तीन कुप्यांत वाढ जवळपास नव्हती. पेटी गळती असती तर चित्र वेगळे दिसले असते. दोष आमच्या पायांचा होता. पेटी ठेवायला आम्ही गुडघाभर गाळात चालत गेलो आणि गाळात अडकलेले बुडबुडे आम्हीच दाबून बाहेर काढले. पेटीत आला तो तलावाचा श्वास नव्हता, आमच्या वजनाने निघालेला उसासा होता. ही दोन मोजमापे रद्द केली आहेत. पुढच्या फेरीपूर्वी बांबूचे मचाण बांधायचे आणि मोजणीच्या आदल्या दिवशीपासून त्या पट्ट्यात कोणीही उतरायचे नाही.

पाणकणसाबाबत आणखी एक चूक हाताशी आली. पेटीत मावावी म्हणून आम्ही उंच पाती कापली होती. या वनस्पतीची पाती आतून पोकळ असतात. सकाळचे ऊन लागले की कोवळ्या पात्यांत हवेचा दाब वाढतो, हवा खाली मुळांकडे जाते आणि जुन्या, तुटक्या पात्यांतून बाहेर पडताना गाळातील मिथेन सोबत घेऊन येते. गाळावरच्या पातळ प्राणवायुयुक्त थरात मिथेन खाणारे जिवाणू टपून असतात, त्यांना या वाटेने वळसा पडतो. म्हणजे पात कापणे हे धुराड्याचे टोपण काढून धूर मोजण्यासारखे झाले. मीटरभर उंचीचा जोडतुकडा बनवायला दिला आहे.

9 मार्च 2024, शनिवार

आज मचाणावरून मोजले. काठावरील शून्य मिनिटाच्या कुप्या आता ठीक येतील असे वाटते.

मासेमारी संस्थेचे एक ज्येष्ठ ढीवर काका आम्हाला त्यांच्या डोंग्यातून खोल पाण्यावरच्या जागांवर नेतात. काठाजवळ त्यांनी वल्ह्याचा दांडा गाळात खुपसला तेव्हा बुडबुड्यांचा झुबका वर आला आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. ‘हाच ना जी तुमचा गॅस?’ असे त्यांनी विचारले. मी सांगितले की वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. आम्ही शोधतो त्या मिथेनला वास नसतो. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘काहून जी सर, ज्याले वासच नाही, त्याले तुम्ही पकडता कसं?’ 1776 च्या नोव्हेंबरात इटलीतील माजोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टा याने याच पद्धतीने गाळ ढवळून वर येणारी हवा बाटलीत धरली होती आणि तिला ज्योत लावून ती पेटते हे दाखवले होते. काकांना ही हकिगत आवडली. काडीपेटी काढण्यापासून मात्र त्यांना थांबवावे लागले.

वासाचा मुद्दा वाटतो तितका फुटकळ नाही. गाळातील सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ फोडताना प्रथम प्राणवायू वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. आणि हे सारे सरत आले की मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांची (जिवाणूंसारख्या, पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवांची) पाळी येते. सल्फाइडचा वास येतो तेव्हा ही उतरंड शेवटून दुसऱ्या पायरीपर्यंत आली आहे, एवढे नाकाला समजते. यातील लोहाची पायरी आमच्या तलावात पुढे महत्त्वाची ठरेल असा माझा अंदाज आहे.

संध्याकाळी हिशेबातील एक जुनी चूक सापडली. कुपीतील पीपीएमचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करणाऱ्या तक्त्यात वायूच्या एका मोलचे आकारमान 22.4 लिटर धरलेले होते. ते शून्य अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी खरे आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, येथे दाब 97 किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि उन्हात ठेवलेल्या पेटीतील हवा 45 अंशांवर गेली तर तेच आकारमान 27 लिटरच्या पुढे जाते. म्हणजे आमचे आकडे वीस टक्क्यांहून अधिक फुगलेले होते. हा तक्ता विभागात कित्येक वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आला आहे. त्यातून काय काय निघाले असेल याचा विचार आज करत नाही. पेटीवर पांढरे कापड टाकण्याचे आणि आत तापमापक लावण्याचे ठरले.

5 एप्रिल 2024, शुक्रवार

गाळातील कार्बन. एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढलेले काठाच्या गाळाचे आकडे संशयास्पद वाटावेत इतके मोठे आले. पद्धत 1934 सालची आहे आणि आपल्याकडील बहुतेक माती परीक्षण केंद्रांत तीच चालते: मातीत कार्बनला जाळून स्वतः खर्च होणारे डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचे, अर्धा तास ठेवायचे, आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. डायफेनिलअमाइनचा निळसर जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो तो क्षण गाठायचा असतो. तिचा हात चांगला आहे, तो क्षण ती चुकवत नाही. मग घोळ कुठे झाला?

तिने नमुने ओलेच घेतले होते. प्राणवायू नसलेल्या गाळात लोह फेरस, म्हणजे न गंजलेल्या, स्वरूपात असते, आणि फेरस लोह कार्बनइतक्याच आनंदाने डायक्रोमेट संपवते. आपण त्याचा हिशेब कार्बनच्या नावावर मांडतो. तेच नमुने पातळ पसरून हवेत वाळवले, लोहाला गंजू दिले आणि पुन्हा तपासले, तेव्हा आकडे विश्वासार्ह पातळीवर उतरले. भट्टीत 550 अंशांवर जाळून वजनातील घट मोजण्याचा पर्याय कोणीतरी सुचवला होता. पण आपल्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट चिकणमाती त्या तापमानाला आपल्या रचनेतील पाणीही सोडते आणि ती घटही सेंद्रिय पदार्थाच्या खाती पडते. वॉकली-ब्लॅकच बरी, फक्त वाळवलेल्या नमुन्यावर, आणि ती सर्व कार्बन पकडत नसल्यामुळे नेहमीचा 1.32 चा गुणक लावून.

20 एप्रिल 2024, शनिवार

काल नागपूर आणि रामटेक या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचे मतदान झाले. त्यामुळे ठरलेली गाडी आठवडाभर मिळाली नाही आणि 15 तारखेची फेरी हुकली. निवडणुकीविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या संस्थेत पर्यायी वाहनाचा अर्ज तीन टेबलांवर फिरून मतदानाच्या दिवशी दुपारी मंजूर झाला, याची. काठावरील पाणी याच आठवड्यात झपाट्याने मागे सरकले, असे काकांनी फोनवर सांगितले.

27 एप्रिल 2024, शनिवार

आजची नोंद सविस्तर करतो, कारण माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा आज दिसला.

पाणी फेब्रुवारीतील रेषेपासून बरेच आत गेले आहे. सगळ्या पट्ट्यांत सर्वांत जिवंत पट्टा आहे तो वीतभर ते गुडघाभर पाण्याचा. तेथे पहाटेपासूनच आपोआप बुडबुडे येत होते, कोणी गाळ हलवत नसतानाही. याची दोन कारणे आहेत आणि ती एकाच वेळी घडतात. पहिले कारण दाबाचे आहे. एक मीटर पाण्याचा स्तंभ सुमारे 10 किलोपास्कल दाब देतो. दोन मीटर पाण्याखाली गाळात धरून राहिलेला वायू, पाणी अर्ध्या मीटरवर आले की, 15 किलोपास्कलने मोकळा होतो, फुगतो आणि सुटतो. दुसरे कारण उष्णतेचे. उथळ पाण्याखालचा गाळ दुपारी तापतो, आणि मिथेननिर्मिती तापमानाला श्वसनापेक्षा अधिक तीव्रतेने प्रतिसाद देते. जगभरच्या नोंदी एकत्र करून 2014 साली काढलेल्या अंदाजानुसार मिथेनसाठीची सक्रियण ऊर्जा (ती जितकी जास्त, तितका तापमानाचा परिणाम तीव्र) सुमारे 0.96 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तर श्वसनासाठी सुमारे 0.65. व्यवहारात याचा अर्थ असा की तापमान 20 वरून 30 अंशांवर गेले तर श्वसन सव्वादोन पटीच्या आसपास वाढते आणि मिथेन साडेतीन पटीच्या आसपास.

बुडबुडे धरण्यासाठी पाण्यात उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यात साठणारा वायू आणि पेटीतील चार कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा पेटीच्या पद्धतीची मर्यादा उघड झाली. काठावरील एका जागेवर पहिल्या तीन कुप्या सरळ रेषेत होत्या आणि चौथीने एकदम उडी घेतली. नियमाप्रमाणे रेषा जुळत नाही म्हणून हे मोजमाप टाकून द्यायला हवे. पण त्या दहा मिनिटांत एक मोठा बुडबुडा फुटलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. बुडबुड्यात निम्म्याहून अधिक मिथेन असू शकतो. रेषा बिघडवणारा तोच तर तलावाच्या वर्षभराच्या हिशेबातील मोठा खातेदार आहे. सुबक रेषांच्या हव्यासापायी आपण नेमका तोच वगळत आलो असू. यापुढे अशी मोजमापे वगळायची नाहीत, वेगळ्या रकान्यात ठेवायची.

आणि फेब्रुवारीत आम्ही नऊ जागा तिन्ही भागांत समान वाटल्या ते सोयीसाठी, हेही कबूल करायला हवे. चौकटी स्थिर राहतात आणि काठ चालत राहतो. आजपासून तीन पेट्या काठासोबत आत सरकवायच्या.

14 मे 2024, मंगळवार

तलावाचा वरचा अर्धा भाग उघडा पडला आहे आणि गाळ काढणे सुरू झाले आहे. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. मामा तलावांत त्यापूर्वीही शेतकरी बैलगाडीने गाळ नेतच असत. आता जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. आमच्या सातव्या जागेची चौकट सकाळी होती, दुपारी जेवून आलो तर नव्हती. चालकाला विचारले, त्याने ट्रॉल्या गेल्या त्या दिशेला हात केला.

कार्बनच्या दृष्टीने या ट्रॉल्या म्हणजे बँकेतून काढलेली ठेव आहे. पाण्याखाली जे पिढ्यान्‌पिढ्या कुजायचे राहिले ते आता शेतात पातळ पसरले जाईल, उन्हा-पावसात येईल आणि त्यातील काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जाईल. काही भाग चिकणमातीच्या कणांना बिलगून राहील आणि बांधीची माती सुधारेल. हिशेबाची दुसरी बाजू अशी की एक किलो मिथेनचा शंभर वर्षांतील तापमान-परिणाम सुमारे 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात, म्हणजे तो फेडायला साडेसात किलोच्या जवळपास कार्बन गाळात पुरावा लागतो. मात्र मिथेन हवेत साधारण बारा वर्षांत विरतो आणि पुरलेला कार्बन साठत जातो. त्यामुळे शंभर वर्षे एकाच गतीने मिथेन सोडणारा जुना तलाव हा हवेवर दरवर्षी नवा बोजा टाकत नाही, पण त्यातील गाळ उपसला की जुनी पुंजी मोडते. गाळ काढू नये असे मी म्हणत नाही. गाळ काढला नाही तर तलावच राहणार नाही. पण त्या गाळातील कार्बनचे शेतात काय होते हे न मोजता तलावाला ‘कार्बन साठवणारा’ किंवा ‘मिथेन सोडणारा’ असे शिक्के मारणे घाईचे आहे. ज्या शेतात गाळ गेला त्या शेतकऱ्याच्या परवानगीने चार खुणा रोवल्या आहेत.

घनतेचे नमुने घेताना आणखी एक सापळा टळला. उघड्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. काळी माती वाळली की आक्रसते, त्यामुळे फेब्रुवारीतील वरच्या दहा सेंटिमीटरमधील माती आणि आजच्या दहा सेंटिमीटरमधील माती ही एकच माती नव्हे. आज तेवढ्याच खोलीत अधिक माती बसते. खोलीवरून हिशेब केला तर एकही पान न कुजता कार्बन ‘वाढलेला’ दिसेल. म्हणून तुलना खोलीवर न करता मातीच्या समान वजनावर करायची.

31 मे 2024, शुक्रवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातील सर्वांत तापणारे नऊ दिवस, चालू आहे. काल शहरातील एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली आणि दिवसभर फोन वाजत राहिले. संवेदकातील बिघाडामुळे ती चुकीची आल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. आमच्या पेट्यांतील तापमापक आज बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा तपासले. दोन बरोबर, एक दीड अंशाने पुढे.

पाळीलगतच्या डबक्यापुरते पाणी उरले आहे. उघड्या तळावर मिथेन नाही. तीनही ठिकाणी चार कुप्या बाहेरच्या हवेसारख्याच, एका ठिकाणी किंचित कमी, म्हणजे कोरड्या मातीतील जिवाणू हवेतला मिथेन थोडाफार ओढून घेत असावेत. तलावाचा सर्वांत गरम महिना आणि सर्वांत ओला महिना एक नाहीत. नुसत्या तापमानाचे समीकरण येथे लावले तर ते मे महिन्यात मिथेनचा कळस दाखवेल, आणि मे महिन्यात तर तळ कोरडा आहे. गरम आणि ओले एकत्र येतात ते एप्रिलमध्ये सरकत्या काठावर. तापमान वाढले तर पाणी लवकर आटून हा काठ लवकर संपेल, की अवकाळी पावसाने तो मेपर्यंत रेंगाळेल, यावर वर्षाची बेरीज ठरेल.

24 जून 2024, सोमवार

पाऊस पडून गेला. भेगा मिटण्याइतका, तलावात साठण्याइतका नाही. कोरड्या मातीवर पहिले पाणी पडताच कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो, याचे वर्णन बर्च यांनी 1958 मध्ये केले होते. आमच्याकडेही तो आला. मातीचा तो पहिल्या पावसाचा सुगंध घेत सगळे खुशीत होते. मी कुप्या मोजत होतो. मिथेन अजून शून्यवत.

2 ऑगस्ट 2024, शुक्रवार

तलाव भरला असून सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी जात आहे. काठावरील जागा पुन्हा पाण्याखाली आहेत. अपेक्षा अशी होती की कोवळे गवत बुडाले, ऊब आहे, तेव्हा मिथेन लगेच उसळेल. तसे झाले नाही. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जागांवर तो अजून दबलेला आहे, आणि वर्षभर ओल्या राहिलेल्या पाळीलगतच्या डबक्याच्या जागी तो आधीच वाढू लागला आहे. मार्चमध्ये लिहिलेली लोहाची पायरी ती हीच: वाळताना गाळातील लोह गंजून फेरिक झाले, आता ते पुन्हा फेरस होईपर्यंत सूक्ष्मजीव त्याच्यावरच गुजराण करतात आणि मिथेनवाल्यांना वाट पाहावी लागते. पात्राच्या दोन्ही भागांतील गाळात फेरस लोहाची चाचणी आज केली. वाळलेल्या भागातील नमुन्यांत रंग फिका, डबक्यातील नमुन्यांत गडद. दर आठवड्याला हीच चाचणी करायची आणि लोह व मिथेन एकाच आलेखावर मांडायचे. हा विलंब किती आठवड्यांचा ते कळले की ऑक्टोबरच्या फेरीच्या तारखा ठरवता येतील.

गाळ टाकलेल्या शेतात रोवणी झाली आहे. खुणेच्या चारपैकी तीन खुंट्या जागेवर आहेत. सातव्या जागेची चौकटही तेथेच सापडली: शेतकऱ्याने ती धुऱ्यावर ठेवून तिच्यात वांग्याची रोपे लावली आहेत. त्याने ती परत देऊ केली. रोपांना फुले आलेली आहेत, म्हणून नवी चौकट बनवायला टाकली आहे.